रस्त्यालगतचं जुनं झाड: तोडावं, छाटावं, हलवावं की फूटपाथ बदलावा?

एप्रिल संपत आला की मुंबई-पुण्याच्या जुन्या गल्ल्यांमध्ये हा वाद ठरलेला. दुकानाची पाटी दिसत नाही, पहिल्या मजल्यावर उजेड येत नाही, गाड्या चिकट होतात, चेंबर तुंबतं, आणि मागच्या पावसाळ्यात पलीकडच्या गल्लीत एक झाड कोसळलेलं असतं. दुसरीकडे ज्यांच्या खिडकीसमोर तीच हिरवी सावली आहे ते तोडायला ठाम नकार देतात. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य असतं. पण अर्ज करताना सगळ्या तक्रारी ‘झाड धोकादायक आहे’ या एका वाक्यात कोंबल्या जातात आणि तिथे घोळ होतो. पाटी न दिसणं आणि झाड पडणं हे वेगळे प्रश्न आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी आहेत.

आधी एकच गोष्ट तपासा: झाड पडेल का?

ही तपासणी बुंध्यापासून सुरू करा. झाड ज्या बाजूला झुकलंय त्याच्या विरुद्ध बाजूची माती उचललेली किंवा भेगाळलेली दिसली, तर मुळांची पकड सुटते आहे. त्या दिवशीच पालिकेच्या उद्यान विभागाला कळवा. मुंबईत 1916 हा आपत्कालीन क्रमांक आहे. बुंध्याला, जमिनीलगत, फळीसारखी कडक तपकिरी बुरशी आली असेल (बहुतेकदा गॅनोडर्मा), तर आतलं लाकूड कुजत आहे. वर पालवी कितीही टवटवीत असो, त्यावर विसंबू नका: पानं जगवणारी वाहिनी सालीलगत असते, झाडाला उभं धरणारं लाकूड आत असतं.

लाकडी हातोडीने बुंधा चारही बाजूंनी ठोकून पाहा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कानाला लगेच कळतो. पोकळ झाड म्हणजे पडणारं झाड, असं मात्र नाही. ढोबळ नियम असा की खोडाच्या त्रिज्येच्या निदान 30 टक्के जाडीचं निरोगी लाकूड सगळ्या बाजूंनी शिल्लक हवं. 60 सेंमी व्यासाच्या खोडाला सुमारे 9 सेंमीची भिंत लागते. एका बाजूला ढोली उघडी असेल तर हा हिशोब लागू होत नाही, तिथे जाणकार वृक्षतज्ज्ञच हवा. ध्वनिलहरींनी किंवा बारीक सुईच्या ड्रिलने आतलं लाकूड मोजणारी यंत्रं आहेत. वाद चिघळला असेल तर वर्गणी काढून असा अहवाल घ्यावा. दोन्ही गट एका कागदावर बोलू लागतात.

वर्षानुवर्षं कललेलं, पण शेंडा पुन्हा सरळ वर वळलेलं झाड बहुतेकदा सुरक्षित असतं. त्याने आपला तोल कधीच साधलेला असतो. यंदाच कललेलं झाड हा वेगळा मामला.

जात पाहा. गुलमोहर आणि पिवळा गुलमोहर, म्हणजे सोनमोहर, यांचं लाकूड ठिसूळ आणि मुळं उथळ. 17 मे 2021 ला तौक्ते वादळात मुंबईत ताशी 100 किमीच्या पुढे वारे वाहिले आणि झाडं मोठ्या संख्येने पडली. अशा वाऱ्यात या जातींवर आधी लक्ष ठेवावं. कडुनिंब, बकुळ, करंज यांच्याबद्दल, मुळं शाबूत असतील तर, तेवढी धास्ती नको.

छाटणी की तोड

उजेड, पाटी, रस्त्यावरचा दिवा, तारा, गच्चीवर टेकणाऱ्या फांद्या: या सगळ्या तक्रारी छाटणीने सुटतात. दिव्यासाठी तर छाटणीही दरवर्षी करावी लागते. त्यापेक्षा दिव्याचा दांडा पर्णभाराच्या खाली आणणं कायमचा उपाय आहे. गाड्या चिकट होत असतील तर झाडावर मावा किंवा पिठ्या ढेकूण आहे, त्यांचा गोड स्राव खाली पडतो. रेन ट्रीवर हे फार दिसतं. उपचार किडीवर करायचा.

पण छाटणी चुकली तर धोका वाढतो, आणि आपल्याकडे ती बहुतेक वेळा चुकते. शेंडा आणि सगळ्या मोठ्या फांद्या उडवून झाड बोडकं केलं की दोन महिन्यांत फुटव्यांचे झुबके येतात. हे फुटवे सालीच्या वरच्या थरातून निघतात, खोडाशी त्यांचा सांधा कच्चा असतो, आणि तीन-चार वर्षांत तेच जड होऊन वाऱ्यात निसटतात. एकाच बाजूच्या, म्हणजे इमारतीकडच्या, सगळ्या फांद्या काढल्या की पूर्ण भार रस्त्याकडे जातो.

नीट छाटणी अशी होते. जाड फांदीला तीन काप घ्यायचे. पहिला खालून, खोडापासून 30 ते 45 सेंमीवर, जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा बाहेर. फांदी तुटून पडते आणि साल खोडापर्यंत उसवत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, फांदी खोडाला मिळते तिथल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर. तो फुगीर कडा कापला तर जखम भरत नाही. लांब खुंट ठेवला तर तो कुजतो आणि कूज खोडात उतरते. डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही. एका वर्षात पर्णभाराच्या पाव भागापेक्षा जास्त काढू नये. घरटी आहेत का ते पाहूनच फांदी निवडावी. कंत्राटदार लाकूड नेणाऱ्या गाडीच्या फेरीमागे पैसे मागत असेल तर लाकडाच्या लोभाने जाड, निरोगी फांद्या आधी जातात. म्हणून कोणत्या फांद्या काढायच्या त्यावर चुन्याने खूण करून, फोटो काढून, तोच फोटो कामाच्या कागदाला जोडावा.

मुळं, फूटपाथ आणि ड्रेनेज

तोड मागणाऱ्यांचा सर्वांत जोरकस मुद्दा हाच असतो, आणि झाड न काढताही यावर चांगला तोडगा निघतो. मुळं धडधाकट पाइप फोडत नाहीत. जुन्या चिनी मातीच्या पाइपांचे सिमेंटचे सांधे गळतात, ओल बाहेर येते, तिच्या वासावर केसाएवढी मुळं आत शिरतात आणि तिथे जाड होतात. झाड तोडलं तरी सांधा गळतच राहतो, आणि पुढच्या झाडाची मुळं तिथेच येतात. तेवढा टप्पा पीव्हीसी किंवा एचडीपीईच्या घट्ट सांध्याच्या पाइपने बदलला की प्रश्न मिटतो.

कंपाउंडची भिंत मुळाने उचलली असेल तर मूळ तोडू नका. मुळाच्या दोन्ही बाजूंना छोटे पाये घेऊन वर आरसीसी तुळई टाका आणि मूळ तिच्याखालून जाऊ द्या. वाढीसाठी मोकळी जागा मात्र ठेवा.

उखडलेल्या फूटपाथवर पेव्हर काढून मुळांच्या वर वाळूचा थर द्यावा आणि हलक्या उताराने पेव्हर पुन्हा बसवावेत. बुंध्याभोवती निदान सव्वा मीटर बाय सव्वा मीटरचं आळं उघडं हवं. कित्येक झाडांना बुंध्यापर्यंत सिमेंट भिडवलेलं असतं, खोड त्यावर चढून फुगलेलं दिसतं. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं, ते याच कारणाने: पाणी आणि हवा न मिळालेली मुळं मरतात, आणि तेच झाड पुढे वाऱ्यात उन्मळतं.

सर्वांत घातक असतो केबल-गॅसचा चर. खोडाच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मुळं कापली गेली तर झाडाचा आधार जातो. अर्धा मीटर व्यासाच्या झाडाला दीड मीटरच्या आत जेसीबी लावू देऊ नका. तिथे हाताने खणून मुळांच्या खालून पाइप सरकवता येतो.

पुनर्रोपण

‘तोडू नका, हलवा’ ही तडजोड रहिवाशांच्या सभेत सर्वांना पटते. हिशोब मांडला की अडचण दिसते. छातीच्या उंचीवर, म्हणजे 1.37 मीटरवर, घेर 150 सेंमी असलेल्या झाडाचा व्यास सुमारे 48 सेंमी. मुळांसह मातीचा गोळा व्यासाच्या दहापट, म्हणजे जवळपास 4.8 मीटर रुंद हवा. एक मीटर खोलीला ती 18 घनमीटर माती, वजन 25 टनांच्या वर, झाड वेगळं. जुन्या गल्लीत हे जमत नाही, मग गोळा लहान करतात, बहुतेक मुळं जागेवरच राहतात आणि झाड वर्ष-दोन वर्षांत वाळतं. घेर 50-60 सेंमीच्या आत असेल, आधी दोन-तीन महिने टप्प्याटप्प्याने मुळं छाटून तयारी करता येत असेल आणि नंतर पाण्याची जबाबदारी कोणी लेखी घेत असेल, तरच हा पर्याय खरा. वड, पिंपळ, उंबर आणि ताड-माडाच्या जाती इतरांपेक्षा बऱ्या रुजतात. मोठा गुलमोहर हलवू नये.

तोडायचंच असेल तर

सभेतला ठराव म्हणजे परवानगी नव्हे, मग तो एकमताचा का असेना. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो, झाडावर सूचना लागते आणि रहिवाशांना हरकत घेता येते. नोटीस दिसताच तिचा फोटो काढा आणि मुदत वाचा. हरकत लेखी द्या, तीत झाडाचा घेर, जात आणि सुचवलेला पर्याय लिहा. ‘झाडं वाचवा’ एवढंच लिहिलेल्या पत्रावर अधिकारी काही करू शकत नाही. या कायद्यात ‘तोडणं’ या व्याख्येत जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, म्हणजे बुंध्यात ॲसिड ओतणं किंवा गोलाकार साल सोलणं हाही गुन्हाच.

2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षांवरची झाडं हेरिटेज ठरतात, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची अट आली: 6 ते 8 फुटी, जिओ-टॅग केलेली (म्हणजे नकाशावर जागा नोंदवलेली), सात वर्षं निगा. 45 वर्षांच्या रेन ट्रीबदली 45 रोपं तुमच्या गल्लीत मावणार नाहीत, ती दुसरीकडे जातील. सावली मात्र तुमच्याच दारातली जाईल. मतदानाआधी हे सभेत स्पष्ट सांगावं.

तरीही बुंधा कुजलेला असेल, मुळं सुटलेली असतील, किंवा दोन खोडांमधला सांधा उभा चिरला असेल, तर तोडच योग्य. अशा झाडासाठी हरकत घेऊन वेळ घालवू नये. खालून माणसं चालतात. त्याच अर्जात जागेवर नवीन झाड मागा. अरुंद फूटपाथला बहावा, ताम्हण, कांचन किंवा बकुळ चांगले. सप्तपर्णी आणि गुलमोहर टाळा. खड्डा एक मीटर लांब, रुंद, खोल. जुन्या झाडाचं खोड कापल्यावर बुडखा आणि मुळं खणून काढायचं काम कंत्राटातच लिहून घ्या, नाहीतर सिमेंट ओतून जागा बंद होते आणि नवीन रोपाला खड्डाच मिळत नाही.