एलए काउंटीची सरकारी नोकरी: आत जाऊन बघितलेल्या बाईचा रिव्ह्यू, ५ पैकी साडेतीन स्टार

हॉटेलचा, मिक्सरचा, मोबाइलचा रिव्ह्यू सगळेच लिहितात, मी लिहितेय ज्या यंत्रणेनं मला नोकरीला घेतलं तिचा. मंडळाच्या गणपतीला दरवर्षी कोणीतरी कोपऱ्यात घेऊन हळूच विचारतंच, "काउंटीत कसं काय लागलात हो? कोणी ओळखीचं होतं का?" नव्हतं. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते म्हणजे पुढच्या वर्षी निवांत मोदक खाता येतील.

आधी काउंटी म्हणजे काय ते, कारण इथं दहा दहा वर्षं राहिलेल्यांचाही गोंधळ असतो. काउंटी म्हणजे ढोबळमानानं आपला जिल्हा, फक्त वरून पाठवलेला कलेक्टर नाही. लॉस एंजेलिस काउंटीत ८८ शहरं, लोकसंख्या १ कोटीच्या आसपास, आणि नोकरवर्ग १ लाखाच्या वर. हॉस्पिटलं, शेरीफ म्हणजे काउंटीचे पोलीस, लायब्ररी, मतदारयाद्या, बाल संरक्षण, सगळं यांच्याकडं. आणि लॉस एंजेलिस सिटी ही वेगळी, तिची भरती वेगळी, तिचे नियम वेगळे. मी पहिला फॉर्म भरला तो सिटीचा आणि घरी ऐटीत सांगितलं की काउंटीला अर्ज केला, नवऱ्यानं वेबसाइटचं नाव वाचून दाखवल्यावर उजेड पडला. चूक माझीच, यंत्रणेचा स्टार कापत नाही.

जाहिरातीला इथं बुलेटिन म्हणतात. पद होतं इंटरमीडिएट टायपिस्ट क्लार्क, सगळे नुसतं आयटीसी म्हणतात. खाली स्पीड लिहिलेला, मिनिटाला ४० शब्द. मी हसायलाच लागले. आपल्याकडं क्लर्क टंकलेखक व्हायचं तर मराठी ३० किंवा इंग्रजी ४०, बारावीच्या सुट्टीत एसटी स्टँडमागच्या इन्स्टिट्यूटमध्ये खटाखट मशीन बडवून मी ते ४० काढलेलं, ते सर्टिफिकेट पिवळं पडलं पण बोटं विसरली नाहीत. अर्धी पृथ्वी ओलांडली आणि आकडा तोच!

परीक्षा ऑनलाइन. थोडं वाचून उत्तर द्या, थोडी आकडेमोड, आणि बरेचसे प्रश्न स्वभावाचे, म्हणजे गडबडीत काम करायला आवडतं का, सहकारी चुकला तर काय कराल असले. एमपीएससीचे ठोकळे पाठ केलेल्या माणसाला हे फार पोरकट वाटतं, मला पण वाटलं. ७० ला पास. पण पास म्हणजे नोकरी नाही हं, इथंच आपली माणसं फसतात. मार्कांप्रमाणे ५ गट पाडतात, त्याला बँड म्हणतात, पहिल्या बँडमधले सगळे सारखेच धरतात आणि खातं त्यातून कोणालाही मुलाखतीला बोलवू शकतं. म्हणजे ९९ वाला आणि ९६ वाला एकाच रांगेत. मेरिट लिस्टमध्ये अर्ध्या मार्कासाठी कोर्टात जाणारे आपण लोक, आपल्या पचनी पडत नाही हे. पण विचार केला तर ९९ वाला क्लार्क ९६ वाल्यापेक्षा फाइल नीट लावतो असं कोणी सिद्ध केलंय? उलट बाजूनं, तेवढ्याच मोकळ्या जागेतून साहेबाची आवडनिवड आत शिरते, तेही खरंच. यादी साधारण वर्षभर चालते, वर्षात बोलावलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. बँडमध्ये नाव आलं म्हणून पेढे वाटू नका. यासाठी अर्धा स्टार कापला.

आता मला खरं आवडलं ते. या यंत्रणेचा पाया काउंटीच्या चार्टरमध्ये आहे, म्हणजे काउंटीची स्वतःची घटनाच म्हणा. १९१२ मध्ये लोकांनी मत देऊन मंजूर केला, १९१३ पासून लागू, आणि अमेरिकेत स्वतःचा चार्टर केलेली ही पहिली काउंटी. त्याआधी अख्ख्या देशात वशिल्याचा बाजार होता, निवडून आला की त्याचा माणूस पोस्टमास्तर. १८८१ मध्ये तर राष्ट्राध्यक्ष गारफिल्डना एका माणसानं गोळी घातली, त्याचं म्हणणं असं की मी प्रचार केला तरी मला पद दिलं नाही! त्यानंतर १८८३ मध्ये पेंडलटन कायदा आला आणि केंद्रात परीक्षेनं भरती सुरू झाली, मग हळूहळू राज्यं, शहरं, काउंट्या. वशिला हा शब्द आपला असला तरी रोग सगळीकडचा आहे.

रचना अशी. सगळ्यात वर बोर्ड ऑफ सुपरवायझर्स, निवडून आलेले ५ जण, एकेकाच्या वाट्याला २० लाख लोक. पूर्वी यांना पाच छोटे राजे म्हणायचे, २०२० पासून पाचही बायका आहेत. कायदे तेच करतात, बजेट तेच, बहुतेक खात्यांचे प्रमुख तेच नेमतात. त्यांच्याखाली एचआर खातं, ते परीक्षा, याद्या, नियम बघतं. आणि बाजूला सिव्हिल सर्व्हिस कमिशन, ५ सदस्य, ४ वर्षांची मुदत. हे कमिशन भरती करत नाही, एमपीएससीशी गल्लत करू नका, आपल्याकडच्या भाषेत हे मॅटच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या जवळचं आहे. म्हणजे तुम्हाला काढलं, खालच्या पदावर ढकललं, ५ दिवसांपेक्षा जास्त सस्पेंड केलं तर तुम्ही इथं दाद मागायची. शिवाय सगळे कर्मचारी या छत्राखाली नाहीत, शेरीफ, डिस्ट्रिक्ट अटर्नी (मुख्य सरकारी वकील), असेसर (मालमत्तेची करासाठी किंमत ठरवणारा) हे निवडून येतात, खातेप्रमुख आणि सुपरवायझरच्या ऑफिसातली माणसं अनक्लासिफाइड, म्हणजे आज आहेत उद्या नाहीत.

आणि कमिशनच्या आधी एक पायरी आहे, तिला सगळे स्केली म्हणतात. "त्याचं स्केली परवा आहे" असं कँटीनमध्ये ऐकलं तेव्हा मला वाटलं काहीतरी ऑपरेशन आहे. स्केली हे राज्य सरकारच्या नोकरीतल्या एका डॉक्टरचं नाव. जेवणाच्या सुट्टीवरून सारखे उशिरा येतात वगैरे कारणं देऊन त्यांना काढलं, ते लढले, आणि १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की कायम नोकराला काढायच्या आधी नोटीस द्या, कशाच्या आधारावर काढताय ते कागद दाखवा, त्याला बोलू द्या. आपली कारणे दाखवा नोटीसच की! जेवायला उशीर करणाऱ्या एका माणसामुळं अख्ख्या राज्यातल्या सरकारी नोकरांना हे संरक्षण मिळालं, डबा उघडताना मला दर वेळी त्यांची आठवण येते.

मुद्दाम रजा टाकून एकदा कमिशनची मीटिंग बघायला गेले, बुधवारी. टेंपल स्ट्रीटवर केनेथ हान हॉल ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, करड्या रंगाची लांबच लांब बिल्डिंग, आपल्या कुठल्याही प्रशासकीय भवनाची श्रीमंत बहीण. हे हान ४० वर्षं सुपरवायझर होते, त्यांची मुलगी जॅनिस हान आता सुपरवायझर. घराणेशाही काय फक्त बारामतीलाच असते का, पण असो, निवडून येतात. कोणीही आत जाऊन बसू शकतं, ब्राउन अ‍ॅक्ट नावाचा १९५३ चा कायदा आहे, विषयपत्रिका ७२ तास आधी लावावी लागते, बोलायचं असेल तर बोलताही येतं. मला वाटलेलं कोर्टासारखा ड्रामा असेल. कसलं काय. खरी सुनावणी आधीच हिअरिंग ऑफिसरपुढं झालेली असते, साक्षीदार, कागद सगळं, तो प्रस्तावित निकाल लिहून देतो आणि कमिशन तो घेतं किंवा फिरवतं. त्यामुळं इथं वकील उठतो, चार मिनिटं बोलतो, समोरचा बोलतो, सदस्य एक दोन प्रश्न विचारतात, मत देतात, पुढचा नंबर. एका कर्मचाऱ्याची शिक्षा थोडी जास्त झाली का एवढ्यावरच वाद चाललेला. माझ्या पुढच्या रांगेत एक बाई फाइल छातीशी धरून बसलेली, तिचा नंबर आला तेव्हा उठताना फाइल खाली पडली आणि समोरच्या बाजूच्या वकिलानं वाकून कागद गोळा करून दिले. तेवढं मात्र डोक्यात राहिलं. नंतर बाहेर ग्रँड पार्कमध्ये त्या भडक गुलाबी खुर्च्यांवर बसून मी थालीपीठ खाल्लं.

बडतर्फी किंवा शिक्षेच्या केसमध्ये सिद्ध करायची जबाबदारी खात्यावर असते, कर्मचाऱ्यावर नाही. हे वाक्य साधं वाटतं पण ज्यांनी आपल्याकडची खातेनिहाय चौकशी बघितलीय त्यांना विचारा. वडिलांच्या ऑफिसात, नाव नको, एक काका होते, चौकशी लागली तेव्हा त्यांची मुलगी सातवीत होती आणि निर्दोष सुटल्याचा कागद आला तेव्हा ती कॉलेजला. कागद आला त्या दिवशी ते कोणाशीच काही बोलले नाहीत, टेबलाचा ड्रॉवर साफ केला आणि घरी गेले.

बरं हे कमिशन नुसतं शोभेचं आहे का? तर नाही, त्याची परीक्षा २०१९ मध्ये झालेली सगळ्यांनी बघितली. अलेक्स व्हिलानुएव्हा २०१८ च्या निवडणुकीत शेरीफ झाले आणि आल्या आल्या एका डेप्युटीला, म्हणजे शेरीफच्या हाताखालच्या पोलिसाला, परत कामावर घेतलं. त्या डेप्युटीला आधीच्या शेरीफच्या काळात काढलेलं, त्यानं अपील केलेलं, आणि कमिशननं काढणं बरोबरच म्हणून शिक्का मारलेला. शिवाय तो गडी व्हिलानुएव्हांच्या प्रचारात होता! म्हणजे १८८१ चीच गोष्ट, फक्त बंदूक दुसऱ्या बाजूला. सुपरवायझर्स कोर्टात गेले, काउंटीनं आपल्याच शेरीफवर केस घातली, आणि कोर्टानं त्या डेप्युटीला बॅज आणि पिस्तूल परत करायला लावलं. निवडून आलेला माणूस सुद्धा कमिशनच्या निकालावर मागच्या दारानं बोळा फिरवू शकत नाही. यासाठी मी पूर्ण एक स्टार देते.

मग दीड स्टार कुठं गेला? अर्धा बँडचा सांगितलाच. उरलेला एक नेमणुकीचा. कमिशनचे पाचही सदस्य कोण नेमतं? तेच बोर्ड. खातेप्रमुख कोण नेमतं? परत तेच. म्हणजे ज्यांनी सून निवडली त्यांनीच पंच पण निवडायचे. मुदत ठरलेली आहे, मीटिंग उघड आहे, वर कोर्ट आहे, युनियन तगडी आहे, दरवर्षी २३ सामान्य नागरिकांची ग्रँड ज्युरी बसते आणि कुठल्याही खात्यात नाक खुपसू शकते, सगळं मान्य. तरी माझं मत, एखाद दुसरा सदस्य तरी बाहेरून यावा. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मेझर जी, म्हणजे मतदारांपुढं ठेवलेला प्रस्ताव, पास झालं, त्यात २०२८ ला काउंटीचा मुख्य अधिकारी थेट निवडून येणार, पुढं सुपरवायझर ५ चे ९ होणार. निवडून आलेला एक माणूस बहुतेक खात्यांच्या डोक्यावर बसला की या कमिशनचं काम वाढणार, मी तर पैज लावते.

प्रोबेशनबद्दल पण सांगते, पदाप्रमाणे ६ महिने ते १ वर्ष. त्या काळात वरचं ते सगळं स्केली आणि अपील जवळपास विसरा, भेदभावाची तक्रार सोडली तर फारसं हातात काही नसतं. मी ते महिने इतक्या वेळेवर ऑफिसला पोचायचे की सिक्युरिटीवाला माझ्यावर घड्याळ लावायचा.

रुजू होताना हात वर करून शपथ घ्यावी लागते, राज्यघटनेचं रक्षण करीन वगैरे, आणि एक गोष्ट कोणी आधी सांगत नाही, कॅलिफोर्नियात सरकारी नोकर हा कायद्यानं डिझास्टर सर्व्हिस वर्कर पण असतो. मी सही करून विसरून गेले होते. २०२५ च्या जानेवारीत ईटनची आग लागली आणि ऑल्टाडेना जळालं. ऑल्टाडेनाला स्वतःची नगरपालिकाच नाही, तिथलं सरकार म्हणजे काउंटीच, तेव्हा त्या कागदाचा अर्थ ऑफिसात सगळ्यांना एकदम कळला. निवडणूक ड्यूटी आणि जनगणनेला वैतागणाऱ्या आपल्या मास्तर लोकांची फार आठवण झाली त्या आठवड्यात.

ऑर्डर आली त्या रात्री गावाकडं फोन लावला. पप्पा रिटायर्ड क्लार्क. मी उत्साहात बँड, कमिशन, चार्टर सगळं सांगत होते, ते नुसतं हं हं करत होते. मग म्हणाले, "ते सगळं ठीकाय गं, जुनी पेन्शन आहे का?" २००५ च्या नोव्हेंबरपासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही म्हणून माझा धाकटा भाऊ २०२३ च्या मार्चच्या संपात बसलेला, त्यामुळं आमच्या घरात सरकारी नोकरीबद्दल हा एकच प्रश्न विचारतात. म्हणलं आहे पप्पा, पगारातून कापतात पण शेवटी ठरलेली पेन्शन मिळते, ५ वर्षं पुरी झाली की हक्क लागतो. पलीकडं जरा वेळ शांत, आणि मग मोबाइल बाजूला न धरताच ते आईला ओरडून सांगायला लागले, "अगं ऐकलंस का, पोरगी चिकटली!"