पट्टा तुटला, बिल चौदा हजार

गाडी 2009 ची मारुती 800. म्हापशाहून पेडण्याकडे जाताना भर पावसात अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, पट्टा तुटला. मालक निवृत्त शिक्षक. मीटरवर बॅटरीचा लाल दिवा लागताच त्यांनी गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केले, म्हणजे करायला हवे होते नेमके तेच केले. गाडी ओढून जवळच्या गराजमध्ये गेली आणि संध्याकाळी वहीच्या पानावर लिहिलेले बिल हातात आले. अल्टरनेटर 6,800, वॉटर पंप 1,650, पट्टा 'ओरिजिनल' 950, कूलंट 700, मजुरी 1,800, त्यावर 18 टक्के जीएसटी 2,142. एकूण 14,042 रुपये. काही आठवड्यांत तोच दिवा पुन्हा लागला. दुसऱ्या मेस्त्रीने बॉनेट उघडले तेव्हा या बिलातली जवळजवळ प्रत्येक ओळ खोटी निघाली. गराजचे नाव इथे देत नाही. ही पद्धत एकट्या त्या गराजची नाहीच. जुन्या लहान गाड्यांच्या मालकांना ती ओळखता यावी, म्हणून बिल ओळीओळीने उलगडतो.

ही फसवणूक पचते, कारण तिच्यात अर्धे खरे असते. मारुती 800 आणि जुन्या आल्टोसारख्या गाड्यांत क्रँक पुलीवरून, म्हणजे इंजिन फिरवते त्या चाकावरून, निघालेला एकच पट्टा अल्टरनेटर आणि वॉटर पंप दोन्ही फिरवतो. तो तुटला की चार्जिंग थांबते आणि दिवा लागतो. इंजिन थंड ठेवणारे पाणी, म्हणजे कूलंट, फिरायचे थांबते आणि काही मिनिटांत तापमानाचा काटा वर जातो. मालकाला दोन्ही खुणा डोळ्यांनी दिसलेल्या असतात. मग "सर, अल्टरनेटर गेला, पंप जाम झाला, म्हणूनच पट्टा तुटला" हे वाक्य पटकन पटते. प्रत्यक्षात बहुतेक वेळा पट्टा वयाने तुटलेला असतो. अल्टरनेटर आणि पंप धडधाकट असतात, फक्त त्यांना फिरवणारे कोणी उरलेले नसते.

म्हणून एक गोष्ट पक्की धरा. पट्टा नसलेल्या गाडीवर अल्टरनेटर वीज देतो की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. जो न फिरवता 'जळला' म्हणतो, तो अंदाज सांगतो किंवा माल विकतो. पट्टा नसताना फक्त बेअरिंग तपासता येते, आणि ते तुम्हीही करू शकता. इंजिन बंद, चावी खिशात. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवा. ती गुळगुळीत फिरायला हवी. आतल्या ब्रशचा, म्हणजे वीज पोहोचवणाऱ्या कार्बनच्या तुकड्यांचा, थोडा अडसर जाणवेल, तो चालतो. खरखर, घरघर किंवा मध्येच अडकणे असेल तर बेअरिंग खराब. मग वॉटर पंपाची पुली वर-खाली धरून हलवून पाहा. जराही डगडग असेल, किंवा पंपाच्या खालच्या बारीक भोकातून कूलंट ओघळल्याचा पांढुरका-हिरवट डाग दिसत असेल, तर पंप खरोखर बदलायचा. दोन्ही पुल्या नीट फिरल्या तर मेस्त्रीला एवढेच सांगा: "आधी पट्टा घाला, मग मीटर लावून बघू." या वाक्यावर जो चिडतो, त्याच्याकडून गाडी काढून घेतलेली बरी.

मीटर म्हणजे साधा मल्टिमीटर, डीसी 20 वर ठेवलेला. तो काहीशे रुपयांत मिळतो आणि जुन्या गाडीत स्टेपनीइतकाच उपयोगी पडतो. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलवर लावा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी 12.4 ते 12.6 व्होल्ट दाखवते, 12.2 म्हणजे अर्धी उतरली. इंजिन चालू करून रेस थोडी वाढवली की 13.8 ते 14.5 यायला हवेत. मग हेडलाइट, ब्लोअर, वायपर सगळे लावा. तरी आकडा 13.5 च्या खाली फारसा जात नसेल तर अल्टरनेटर उत्तम आहे, बदलायचे काही कारण नाही. पंधराच्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज आवरणारा भाग, बिघडला आहे. बॅटरी उतरलेली असेल तर सुरुवातीला आकडा थोडा कमी दिसतो, पाचेक मिनिटे थांबून पुन्हा पाहावे.

इथे दोन डाव चालतात. पट्टा घातल्यावरही चार्जिंग होऊ नये म्हणून अल्टरनेटरच्या मागचा छोटा प्लग हळूच सैल करून ठेवतात आणि 'बघा, चार्जिंगच होत नाही' म्हणतात. तो प्लग दाबून बसलेला आहे का हे स्वतः हात लावून पाहा, अर्थात इंजिन बंद करून. फ्यूजही पाहा. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू होण्याआधी दिवा लागतच नसेल तर दोष बल्बचा किंवा वायरचा असतो. तेवढ्याने अल्टरनेटर चार्जिंग सुरू करत नाही, आणि त्याचा ठपका मात्र अल्टरनेटरवर बसतो.

दुसरा डाव कित्येकदा अज्ञानातून होतो, पण नुकसान तेवढेच. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढायची आणि 'गाडी बंद पडली तर अल्टरनेटर खराब' असा निकाल द्यायचा. ही चाचणीच चुकीची आहे. केबल निघताच व्होल्टेज एकदम उसळते, त्यात अल्टरनेटरच्या आतले रेग्युलेटर आणि डायोड उडू शकतात. एमपीएफआय गाडीत, म्हणजे जिथे पेट्रोल संगणक सोडतो तिथे, तो संगणक (ईसीएम) ही जाऊ शकतो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तुमच्या डोळ्यांसमोर मारला जातो आणि मग तो मेला असे सिद्धही होते. कोणी केबलला हात घालताना दिसला तर तिथेच थांबवा.

आता त्या 6,800 च्या ओळीकडे. बसवलेला अल्टरनेटर नवा नव्हता. बाहेरून चंदेरी स्प्रे मारलेला होता आणि रंग बोल्टच्या डोक्यांवर, खाचांतही गेला होता. नव्या भागावर असे कधीच होत नाही, कारण तिथे धातूचा प्रत्येक भाग जोडणीआधीच तयार करून घेतलेला असतो. पुलीच्या खाचेत पट्ट्याने घासलेली चकाकी होती. पुलीच्या नटाच्या कडा पान्याने मोडलेल्या. आत ब्रश झिजून संपायला आलेले, म्हणून दिवा परत लागला. दुरुस्त केलेला अल्टरनेटर बसवणे गुन्हा नव्हे. चांगल्या ऑटो-इलेक्ट्रिशियनकडे ब्रश, बेअरिंग, रेग्युलेटर नवे घालून मिळालेला अल्टरनेटर वर्षानुवर्षे चालतो आणि नव्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतो. तो नवा म्हणून विकणे ही फसवणूक. आणि सरांचा स्वतःचा, बहुधा चांगला असलेला अल्टरनेटर गराजमध्येच राहिला. धुऊन, रंगवून तो पुढच्या माणसाला 'नवा' म्हणून विकला जातो, या धंद्याचा खरा नफा तिथे आहे. त्यामुळे काढलेला प्रत्येक भाग परत मागायचा, काम सुरू होण्याआधीच सांगून. 'कंपनीला जुना परत द्यावा लागतो' असे म्हणाले तर जुन्याची किंमत बिलातून वजा करून मागा.

वॉटर पंपाची ओळ तर निव्वळ कागदावरची होती. पंप बदलायचा तर कूलंट उतरवावे लागते, जुने गॅस्केट खरवडून नवे घालावे लागते. जोडाच्या कडेला ते ताजे दिसते आणि बोल्टांवर पान्याच्या खुणा पडतात. इथे बोल्टांवरचा गंज जशाचा तसा होता. 700 रुपयांचे कूलंट म्हणजे नळाचे पाणी आणि हिरवा रंग. खरे कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, डिस्टिल्ड पाण्यात मिसळतात. तयार मिश्रण असेल तर त्यात पाणी घालायचे नसते. सीलबंद डबा समोर उघडायला सांगितला की हा प्रश्न मिटतो.

उरला पट्टा, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळे झाले तो. चांगल्या कंपनीचा पट्टाही काहीशे रुपयांत येतो. म्हापसा, फोंडा, मडगाव कुठल्याही पार्ट्सच्या दुकानात 'फॅन बेल्ट' म्हणून मागा, मॉडेल आणि साल सांगा, आणि जुना तुकडा सोबत न्या. त्याच्या पाठीवर माप छापलेले असते. साध्या व्ही-पट्ट्यावर रुंदी आणि लांबी मिलिमीटरमध्ये, रेघांच्या पट्ट्यावर 4पीके 850 अशा धर्तीवर, म्हणजे चार रेघा आणि 850 मिलिमीटर लांबी. नकली पट्ट्याची छपाई नखाने खरवडली की निघते, पाकिटावर एमआरपी, उत्पादनाचा महिना-वर्ष नसते. सरांच्या गाडीतल्या पट्ट्यावर काहीच छापलेले नव्हते आणि तो रुंदीला कमी होता. व्ही-पट्टा खाचेच्या बाजूंवर बसून पकड घेतो, त्याची वरची कड पुलीच्या काठाशी जवळपास समपातळीत दिसली पाहिजे. तो खाली बुडून तळाला टेकला की घसरतो, तापतो, किंचाळतो. खाचेचा तळ चकचकीत दिसला तर पट्टा बारीक आहे किंवा पुली झिजली आहे असे समजा.

बदलण्याचे काम मेस्त्री कसे करतो हे शेजारी उभे राहून पाहता यावे म्हणून क्रम सांगतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल निघाली पाहिजे. अल्टरनेटरच्या मागची जाड वायर कायम जिवंत असते, पाना टेकला तर ठिणगी उडते. इंजिन बंद असताना केबल काढण्यात काही धोका नाही, वर सांगितलेली गोष्ट चालू इंजिनाची. एसीचा पट्टा वेगळा आणि बाहेरच्या बाजूला असेल तर तो आधी उतरवायचा. मग अल्टरनेटर ज्याभोवती हलतो तो खालचा पिव्होट बोल्ट आणि वरच्या खाचेच्या पट्टीवरचा बोल्ट सैल करायचा, 12 आणि 14 चे पाने सहसा पुरतात. अल्टरनेटर इंजिनकडे ढकलून नवा पट्टा क्रँक, पंप आणि शेवटी अल्टरनेटर असा चढवायचा. स्क्रूड्रायव्हरने ओढून चढवलेल्या पट्ट्याच्या आतले दोरे तुटतात. तो महिन्या-दोन महिन्यांत जातो आणि गिऱ्हाईक परत येते. ताण देताना लाकडी दांडा अल्टरनेटरच्या पुढच्या मजबूत भागाला लावायचा, मागच्या झाकणाला नाही. दोन पुल्यांमधल्या लांब भागावर अंगठ्याने जोर देऊन, म्हणजे सुमारे 10 किलो, पट्टा 6 ते 9 मिलिमीटर दबला की ताण योग्य. आधी वरचा बोल्ट आवळायचा, मग खालचा. दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालवून ताण पुन्हा पाहायचा, आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर आणखी एकदा, कारण नवा पट्टा थोडा ओढला जातोच.

पट्टा तारेसारखा ताणलेला असेल तर कौतुक करू नका. जास्त ताणाने पंपाचे आणि अल्टरनेटरचे बेअरिंग लवकर जाते, मग पुढचे बिल खरे येते. हे सगळे काम एसी नसलेल्या 800 वर सावकाश केले तरी तासाच्या आत संपते. त्यासाठी 1,800 मजुरी म्हणजे शुद्ध लूट.

तुटलेला पट्टा मागून घ्यायचे आणखी एक कारण आहे, तो का तुटला हे त्याच्यावरच लिहिलेले असते. आतल्या बाजूला आडव्या भेगा आणि तुकडे पडलेले असतील तर वय झाले होते. बाजू काचेसारख्या गुळगुळीत म्हणजे सैल राहून घसरत होता. एकच कड विस्कटलेली म्हणजे पुल्या एका रेषेत नाहीत. मऊ, फुगलेला म्हणजे त्याच्यावर ऑइल गळते, बहुतेक क्रँकच्या पुढच्या सीलमधून. आणि अर्ध्या रुंदीपर्यंत ब्लेडसारखा सरळ काप असेल तर गाडी शेवटची कोणाच्या हाती होती ते आठवून पाहा. गोव्यात गंजही मोजायला हवा. किनाऱ्याकडची खारी हवा, डिचोली-साखळी भागातली खाणीची लाल धूळ, आणि मालक जहाजावर गेल्यामुळे महिनोन् महिने अंगणात उभ्या राहिलेल्या गाड्या. अशा गाडीच्या पुलीच्या खाचा खरखरीत होतात आणि नवा पट्टा काही दिवसांत खरवडला जातो. पट्टा घालण्याआधी खाचा बारीक पॉलिश पेपरने साफ करायला सांगा. किंचाळणाऱ्या पट्ट्यावर स्प्रे मारून पैसे घेणे हा उपाय नव्हे, आवाज दोन दिवस दबतो एवढेच.

रविवारी किंवा चवथीच्या दिवसांत ओळखीची गराजे बंद असतात आणि नेमके तेव्हा जे उघडे सापडते तिथे गाडी जाते. योग्य मापाचा जादा पट्टा डिकीत असला तर रस्त्यावरचा कुठलाही मेस्त्री तो घालून देतो आणि 'पार्ट मिळत नाही'चे नाटक होत नाही. मारुती 800 चे उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबले, तरी तिचे पट्टे आजही सहज मिळतात. काटा लाल भागात गेल्यावरही गाडी दामटली असेल तर मात्र हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनच्या वरच्या जोडातल्या सीलची, तपासणी खरोखर करून घ्यावी. आधी ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ फेस आहे का, रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात का ते बघा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका.

शेवटची ओळ जीएसटीची. वहीच्या पानावर कर लागत नसतो. नोंदणी नसलेला मेस्त्री जीएसटी घेऊच शकत नाही. ज्याने घेतला त्याच्या बिलावर पंधरा अक्षर-अंकांचा क्रमांक हवा, आणि गोव्यातल्या नोंदणीचा क्रमांक 30 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर तो टाकला की नाव दिसते. पाकिटावरच्या एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर वजन-माप खात्याकडे जाता येते. बाकीच्या फसवणुकीसाठी 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तिथे मिटले नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या रकमेला तक्रारीची फी नाही, आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे राहत्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे पेडण्यात फसलेल्या मडगावकराला उत्तर गोव्याच्या आयोगाच्या फेऱ्या घालाव्या लागत नाहीत. मुदत दोन वर्षांची. तक्रारीला बिल, पैसे दिल्याचा यूपीआयचा पुरावा, बसवलेल्या भागाचे फोटो आणि दुसऱ्या मेस्त्रीने सही करून दिलेला तपासणीचा कागद जोडावा. हा शेवटचा कागद मिळवण्याआधी दुसऱ्या मेस्त्रीला दुरुस्तीला हात लावू देऊ नका. भाग एकदा गाडीतून निघाला की तो कोणी बसवला होता हे सिद्ध करणे फार अवघड जाते.