स्वतःची व्हिडिओ साईट चालवून 16 महिने झाले: ब्लाऊज कटिंगच्या ऑनलाइन क्लासचा माझा अनुभव

मी कराडला घरीच शिवणक्लास घ्यायचे. लॉकडाऊनमध्ये क्लास बंद पडला म्हणून युट्यूबवर व्हिडिओ टाकायला लागले आणि आता 16 महिने झाले, स्वतःच्या साईटवर पैसे घेऊन शिकवतेय. जमतं का, परवडतं का, असं बऱ्याच जणींनी विचारलंय म्हणून एकदा सगळंच लिहून काढते.

युट्यूब मी सोडलेलं नाही हे आधीच सांगते, नवीन बाई मला तिथूनच सापडते. पण घर त्यावर चालत नाही. जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला लागणारे 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले 4000 तास पूर्ण करायला मला दोन वर्षं लागली, मग गुगलचं पत्ता तपासायच्या पिनचं पत्र पोस्टमन काका घेऊन आले तेव्हा सासूबाईंनी ते देवापुढे ठेवलं होतं. जाहिरातीतले 55 टक्के आपल्याला मिळतात, पण 100 डॉलर साठल्याशिवाय पैसे खात्यावर येत नाहीत, माझे कधी दोन महिन्यांनी साठायचे कधी तीन. लग्नसराईत व्ह्यूज चढायचे, आषाढ लागला की निम्म्यावर. आणि खरी अडचण वेगळीच होती. कटोरी ब्लाऊज (पुढे वाटीसारखा गोल भाग जोडलेला) दहा मिनिटांत असं दाखवलं की व्ह्यूज मिळतात, पण कटोरी दहा मिनिटांत शिकता येत नाही हो. जिला खरंच शिकायचंय तिला चाळीस मिनिटं हळूहळू दाखवावं लागतं, आणि तो व्हिडिओ बाकीचे लोक अर्ध्यात सोडून जातात.

सुरुवातीला मी एका कंपनीचं रेडीमेड कोर्सचं अ‍ॅप घेतलं होतं, नाव लिहीत नाही. वर्षाचे पैसे आधी भरले, 140 बायका आल्या, सगळं छान चाललं होतं. दुसऱ्या वर्षी त्यांनी दर वाढवला म्हणून निघायचं ठरवलं, तेव्हा कळलं की माझ्याच विद्यार्थिनींचे फोन नंबर मला मिळणार नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवर जुने मेसेज चाळून चाळून साठेक जणी सापडल्या, बाकीच्यांना मी पैसे घेऊन गायब झाले असंच वाटलं असणार, ते अजून मनाला लागून आहे. त्यामुळे कोणी काहीही वापरा, पण नावं आणि नंबर तुमच्या वहीत पाहिजेत, दर महिन्याला यादी उतरवून ठेवा.

आता जे आहे ते असं. स्वतःचं डोमेन म्हणजे साईटचा पत्ता, वर्डप्रेस या सॉफ्टवेअरवरची साईट (भाच्याने बसवून दिली), व्हिडिओ वेगळ्या पेड व्हिडिओ होस्टिंगवर म्हणजे व्हिडिओ ठेवायच्या भाड्याच्या जागेवर, आणि पैशासाठी गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणारी कंपनी. व्हिडिओ साईटच्याच साध्या होस्टिंगवर टाकू नका, मी टाकले होते आणि रविवारी दुपारी तीस-चाळीस जणी एकदम बघायला बसल्या की सगळंच अडकायचं. व्हिडिओ होस्टिंगवाले एकाच व्हिडिओच्या लहान-मोठ्या क्वालिटीच्या फाईली करून ठेवतात, जिचं नेट कमी तिला आपोआप 480 वर दिसतो, थांबत नाही. हिशोब सांगते, 25 मिनिटांचा व्हिडिओ 720 ला साधारण 280 एमबी जातो, म्हणजे 300 जणींनी एकदा बघितला तर 84 जीबी, आणि शिवणाचा व्हिडिओ एकदा कोण बघतं, मागे घेऊन घेऊन बघतात. तरीही महिन्याचं हे बिल मला वाटलं होतं त्यापेक्षा खूप कमी येतं. एडिटिंगला मुलगा आहे, त्याचे 6000 हाच मोठा खर्च.

पैशाचं गणित बघा. गेटवे 2 टक्के घेतो, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आधी माझी महिन्याची फी 199 होती, त्यातले पावणेपाच रुपये जायचे. युट्यूबवरच मेंबरशिप ठेवली तर आपल्याला 70 टक्के, म्हणजे 139 च्या आसपास. फरक मोठा आहे. पण तिथे बाईला काही नवीन शिकावं लागत नाही, इथे लॉगिनपासून तुम्हालाच हाताला धरून न्यावं लागतं. माझ्या निम्म्या बायका ईमेल वापरत नाहीत, म्हणून मोबाईलवर ओटीपी ठेवला, आणि त्या एसएमएससाठी डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांची मेसेज पाठवणाऱ्यांच्या नोंदणीची व्यवस्था) नोंदणी करून मेसेजचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, त्यात माझे तीन आठवडे गेले.

ऑटोपेबद्दल जरा जास्त लिहिते कारण इथेच मी सर्वात जास्त मेंबर घालवल्या. आधी महिन्याला 199 असे आपोआप कट व्हायचे. नियमाप्रमाणे पैसे कट व्हायच्या किमान 24 तास आधी मेसेज जातो. तो मेसेज बघून बायका घाबरायच्या, खातं बऱ्याचदा नवऱ्याचं, तो विचारायचा हे काय, की लगेच बंद. कोणाच्या खात्यावर महिनाअखेरीला शिल्लकच नसायची. शिकवणं आवडत नाही म्हणून गेलेल्या कमी, अशा गेलेल्या जास्त. मग मी ऑटोपेच काढून टाकलं. सहा महिन्यांचे 999 एकदाच, साध्या यूपीआयने, आणि मुदत संपायच्या आठवडाभर आधी मी स्वतः व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजात मेसेज पाठवते, नाव घेऊन, तुझं मागच्या वेळी बाहीचं राहिलं होतं ते झालं का असं. एका बाईला एक मिनिट लागतं. त्यानंतर रिन्यू करणाऱ्या खूप वाढल्या.

दुसरी गोष्ट मुंढ्याची, म्हणजे बाही जोडायच्या काखेजवळच्या गोल कापाची. जत तालुक्यातल्या एका ताईने फोटो पाठवला, काखेपुढे चुण्या पडत होत्या आणि हात वर केला की सगळा ब्लाऊज ओढला जात होता. तिने पुढचा आणि मागचा मुंढा एकसारखाच कापला होता. मी साईटवर आकडे काढून बघितले तर त्या व्हिडिओत चौदाव्या मिनिटाला जवळजवळ सगळ्याच मागे जात होत्या, आणि नेमकं तिथेच माझा हात कागदावर आडवा आला होता. चूक माझी होती. परत शूट केला, मोबाईल बरोबर डोक्यावर बांधला, ब्राऊन पेपरवर पांढऱ्या खडूऐवजी जाड लाल पेन घेतला, पुढचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच आत घेताना तेवढाच भाग दोनदा दाखवला. त्या प्रश्नाचे फोन बंदच झाले. युट्यूबवर एकदा टाकलेला व्हिडिओ काढून तोच सुधारून टाकायचा म्हणजे व्ह्यूज आणि कमेंट सगळंच पहिल्यापासून, इथे त्याच जागी नवीन ठेवला की झालं. माझ्यासाठी हा सगळ्यात मोठा फायदा आहे.

नवीन व्हिडिओ मी आता महिन्याला दोनच करते, आधी आठ करायचे आणि कंबर धरायची. त्याऐवजी दर गुरुवारी रात्री नऊला लाईव्ह बसते, त्यांनी शिवलेल्या ब्लाऊजचे फोटो बघून कुठे काय चुकलं ते सांगते. जिने एकदा तरी फोटो पाठवलाय ती सहसा जात नाही, जिने कधीच पाठवला नाही ती बहुतेक जाते. हे कळल्यावर नवीन आलेल्या प्रत्येकीकडून पहिल्याच आठवड्यात पेपर कटिंगचा फोटो मागून घेते.

त्रास आहेतच. कोणीतरी स्क्रीन रेकॉर्ड करून माझे अकरा व्हिडिओ टेलिग्रामवर टाकले, दोन दिवस रडले. आता व्हिडिओवर बघणारीचा नंबर फिरत राहतो, तेवढ्याने पुष्कळ आळा बसला. दुबई-अमेरिकेतल्या मराठी बायका विचारतात, पण परदेशी कार्डला गेटवेची वेगळी परवानगी लागते आणि कटही जास्त, ते अजून केलं नाहीये. जीएसटीची मर्यादा सेवेला 20 लाख आहे, मी त्याच्या बरीच खाली आहे, तरी सीएकडे एकदा जाऊन विचारून घ्या.

आज 286 मेंबर आहेत, खर्च जाऊन महिन्याला 34-35 हजार हातात राहतात. आत्ता आषाढ चालू आहे, युट्यूबचे व्ह्यूज नेहमीसारखे खाली गेलेत आणि साईटवर ह्या आठवड्यात 19 जणींनी रिन्यू केलं. जतच्या त्या ताईने परवा शेजारणीचे तीन ब्लाऊज शिवून पैसे घेतले, तिन्हींचे मुंढ्याचे फोटो मला पाठवलेत, या गुरुवारी सुरुवात त्यांच्यापासूनच करणार आहे.