शहरालगतचे रान राखायचे: राष्ट्रीय उद्यान, आराखड्यातील आरक्षण की संवर्धन राखीव?

शहराच्या वेशीवरची टेकडी, गायरान किंवा झाडोरा वाचवू पाहणाऱ्या ग्रामसभांना आणि नागरिकांना कोणत्या कायद्याचा आधार मागावा, हा प्रश्न पडतो. माझ्या मते त्याआधी सातबारा पाहावा, कारण जमीन कोणाच्या नावावर आहे यावरच निम्मा निर्णय होऊन जातो.

कायद्याने सर्वांत भक्कम संरक्षण राष्ट्रीय उद्यानाला मिळते. बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याची हद्द बदलायची तर राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची शिफारस लागते. या रानात पडणारा पाऊस विहार आणि तुळशी तलावांत उतरून मुंबईच्या नळांना येतो, म्हणजे हे रान केवळ बिबट्यांसाठी राखलेले नाही. परंतु राष्ट्रीय उद्यानात गुरे चारता येत नाहीत आणि पूर्वापार राहणाऱ्या आदिवासी पाड्यांचे प्रश्नही सहजी सुटत नाहीत. शिवाय हे संरक्षण हद्दीपाशी संपते. शेजारची आरेची जमीन दुग्धवसाहतीची असल्याने उद्यानाबाहेर राहिली, बिबटे मात्र दोन्हीकडे वावरतात. तेथील ८१२ एकर जमीन राखीव वन करण्याचा निर्णय २०२० साली झाला. त्याआधी, २०१९ च्या ऑक्टोबरात, मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली होती.

विकास आराखड्यातील आरक्षण हा महापालिकेच्या हद्दीतील मार्ग आहे. पुण्यात १९९७ साली महापालिकेत आलेल्या गावांपैकी २३ गावांच्या आराखड्यात टेकड्यांवरील सुमारे ९७६ हेक्टर जमिनीवर जैवविविधता उद्यानाचे, म्हणजे बीडीपीचे, आरक्षण आहे. खासगी जमिनीलाही लागू होते, ही त्याची मोठी सोय आहे. उणीव अशी की नगररचना कायद्यानुसार दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो आणि मुदतीत पावले न उचलल्यास आरक्षण रद्द होते. म्हणून मोबदल्याची तरतूद नसलेले आरक्षण मागू नये. मालकाला न्याय मिळाला नाही तर टेकडीही टिकत नाही.

शासकीय जमीन असेल आणि लगतचे गाव तिच्यावर अवलंबून असेल, तर मी संवर्धन राखीव क्षेत्राचा आग्रह धरेन. वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेली ही तरतूद विशेषतः अभयारण्यांना लागून असलेल्या आणि दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या जमिनींसाठी आहे. शहराभोवती नेमके हेच दुवे आधी तुटतात. घोषणेपूर्वी स्थानिकांशी सल्लामसलत करावी लागते, आणि व्यवस्थापनाला सल्ला देणाऱ्या समितीत संबंधित ग्रामपंचायतींचे व वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे प्रतिनिधी बसतात. नाशिकजवळच्या बोरगडाला २००८ साली हा दर्जा मिळाला, तो राज्यातील पहिला. समितीचा अधिकार सल्ल्यापुरताच आहे, त्यामुळे बैठका नियमित होतात की नाही यावर गावकऱ्यांनीच लक्ष ठेवावे लागते. तरीही, ज्यांच्या चुलीला आणि गोठ्याला रान लागते त्यांना बाहेर काढून वणवा विझवायला माणसे मिळत नाहीत, हे ध्यानात घेता मला हाच मार्ग अधिक टिकाऊ वाटतो.

जमीन खासगी किंवा समाजाच्या मालकीची असेल आणि मालक स्वतः पुढे येत असतील, तर याच कायद्यात सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय आहे. मात्र एकदा अधिसूचना निघाली की व्यवस्थापन समितीचा ठराव आणि राज्य शासनाची मान्यता यांवाचून जमिनीचा वापर बदलता येत नाही, त्यामुळे वाटणीदारांपैकी प्रत्येकाला ही अट समजावून मगच अर्ज करावा. अर्जासोबत प्राण्यांच्या ये-जा करण्याच्या वाटा आणि ओढे दाखवणारा नकाशा अवश्य जोडावा, नाहीतर वनविभागाच्या मोजणीत डोंगरमाथा तेवढा येतो आणि पायथ्याचा पाणवठा बाहेर राहतो.