आधी रुलताबीय की आधी ट्रेंट?

बातमीदारच गुन्ह्याचा छडा लावतो अशी जुनी रहस्यकथा वाचायचीय, सुरुवात कुठून करू, असं खानापूरकडच्या दोघा-तिघांनी विचारलं. माझ्यापुढं दोनच नावं येतात: गॅस्टन लरूचं १९०७ सालचं 'पिवळ्या खोलीचं रहस्य' आणि ई. सी. बेंटलीचं १९१३ सालचं 'ट्रेंट्स लास्ट केस'. दोन्ही इंग्रजीत प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतात.

अर्नाळकरांच्या झुंजारवर वाढला असाल तर लरू लगेच पकड घेईल. दार आतून बंद, खिडकीचे गज शाबूत, आत बाई जखमी आणि हल्लेखोर गायब! छडा लावणारा रुलताबीय अवघा अठरा वर्षांचा. पॅरिसच्या दैनिकात त्याला नोकरी कशी लागली ते वाचाच. एका खुनात प्रेताचा डावा पाय पोलिसांना सापडत नव्हता. या पोरानं तो गटारातून हुडकला आणि संपादकांपुढं नेऊन ठेवला. लरू स्वतः कोर्टाच्या बातम्या करायचा, म्हणून खटल्याचा प्रसंग फार रंगलाय. मधला भाग मात्र रेंगाळतो. नकाशाच्या पानात बोट ठेवूनच वाचावं लागतं.

तरी माझं मत बेंटलीला. ट्रेंट मुळात चित्रकार. मोठा खून झाला की 'रेकॉर्ड' दैनिकाचा संपादक त्याला खास प्रतिनिधी म्हणून धाडतो. इथं मेलाय एक अमेरिकन धनाढ्य. अंगावर बाहेरचे कपडे आहेत, पण कवळी घरीच राहिलीय. कवळी विसरून माणूस घराबाहेर पडेल का? असल्या बारक्या गोष्टींवरून ट्रेंट बातमी पूर्ण लिहितो, आणि ते पाकीट 'रेकॉर्ड'कडं न पाठवता मृताच्या बायकोच्या हातात देतो. पुढचं सांगत नाही.

त्या पानावर मी दर वेळी थांबते. माझे काका सीमाभागातल्या एका दैनिकाचे वार्ताहर होते. बातमीचं पाकीट संध्याकाळच्या बेळगाव गाडीच्या कंडक्टरकडं द्यायचे. विहिरीत सापडलेल्या एका मुलीची बातमी त्यांनी लिहिली, पाकीट डकवलं, स्टँडवर गेले. तिथं मुलीचे वडील बाकावर बसले होते. गाडी सुटली, काका पाकीट घेऊन घरी आले. बरोबर केलं की चूक, हे त्यांना शेवटपर्यंत ठरवता आलं नाही, आणि मलाही येत नाही.

म्हणून आधी ट्रेंट वाचा. लरू नंतर, पावसाळ्यात, निवांत.