अंतिम सत्राच्या विद्यार्थ्यांसाठी झेरॉक्स-बाइंडिंगचे भरवशाचे दुकान

एम.ए.च्या शेवटच्या आठवड्यांत प्रकल्प अहवाल, तोंडी परीक्षा आणि ग्रंथालय-वसतिगृहाच्या नो ड्यूजच्या (काही देणे बाकी नसल्याच्या) सह्या ही सगळी कामे एकाच वेळी अंगावर येतात. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठाच्या परिसरालगत असलेल्या या लहानशा दुकानाने त्या धावपळीत आम्हा विद्यार्थ्यांना जो आधार दिला, त्याची नोंद मनापासून करावीशी वाटते.

मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरे उठवण्यापूर्वी दुकानातले काका कच्ची प्रत हातात देऊन प्रत्येक ओळ वाचायला लावतात. विद्यापीठाचे नाव कोणी तोडून लिहिले असेल, तर १९९४ च्या नामविस्ताराची आठवण देत ते ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असे पूर्ण करून घेतात. ज्या नावासाठी मराठवाड्याने एवढा मोठा लढा पाहिला, त्याबाबतचा हा आग्रह मला अत्यंत योग्य वाटतो.

डावीकडे दीड इंच समास नसेल तर ओळींची सुरुवात शिवणीत जाते, हेही ते छपाईआधीच दाखवतात. मराठी फाँट दुसऱ्या संगणकावर नसला की जोडाक्षरे तुटतात, म्हणून फाइल पीडीएफ करूनच न्यावी.

दर इतरांसारखेच आहेत. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की यंत्रे थांबतात आणि रांग वाढते, ही अडचण मात्र खरी आहे. हार्ड बाइंडिंगचा डिंक वाळायला रात्र लागत असल्याने काम अहवाल सादर करण्याच्या आदल्या दिवशी सकाळीच द्यावे.