प्रौढ वयात कॅथलिक होताना गॉडपेरेंट कोणाला करावं?

आरसीआयएच्या, म्हणजे प्रौढांना कॅथलिक होण्यासाठी तयार करणाऱ्या वर्गात नाव घातलं की थोड्याच दिवसांत फादर विचारतात, "तुमचा स्पॉन्सर कोण?" म्हणजे या वाटेवर तुमच्यासोबत चालणारी कॅथलिक व्यक्ती; बाप्तिस्म्याच्या वेळी जी उभी राहते ती गॉडपेरेंट. जन्माने कॅथलिक असलेल्यांना हा प्रश्न कधी पडतच नाही, कारण त्यांच्या वतीने आईवडिलांनी मामा-मावशी ठरवून टाकलेले असतात. हिंदू किंवा बौद्ध घरातून आलेल्या तिशीतल्या माणसाला मात्र आपल्या ओळखीत नेमके कॅथलिक कोण, हे बोटांवर मोजायची वेळ येते.

गॉडपेरेंटसाठी चर्चच्या १९८३च्या कायद्याच्या अटी थोडक्यात अशा. वयाची सोळा वर्षं पूर्ण हवीत. बाप्तिस्मा, दृढीकरण (कन्फर्मेशन) आणि कम्युनियन झालेलं हवं, आणि श्रद्धेला धरून जगणं हवं. तुमचे आईवडील चालत नाहीत. एक पुरुष, किंवा एक स्त्री, किंवा दोघं मिळून एक-एक असं चालतं. दोन मित्र एकदम उभे करता येत नाहीत. माणसं अडकतात ती "श्रद्धेला धरून" या अटीत. दर रविवारी मिस्साला येणारा, पण चर्चची परवानगी न घेता नुसतं रजिस्टर लग्न केलेला मित्र इथे बहुधा बाद होतो. त्याला आधी विचारून मग नकार कळवणं फार अवघड जातं, म्हणून नाव आधी फादरांच्या कानावर घाला आणि मगच मित्राशी बोला.

बहुतेकांच्या मनात पहिलं नाव येतं नवऱ्याचं, बायकोचं किंवा होणाऱ्या जोडीदाराचं. ती व्यक्ती घरातलीच, तिच्यामुळेच चर्चची ओळख झालेली. लॅटिन चर्चचा, म्हणजे रोमच्या परंपरेतल्या कॅथलिक चर्चचा कायदा याला मनाई करत नाही, तरी बरेच फादर नको म्हणतात आणि मला ते पटतं. "मला पुनरुत्थानावर अजून विश्वास बसत नाही" हे वाक्य लग्न ठरलेल्या मुलीला सांगणं आणि तिऱ्हाइताला सांगणं यात फरक आहे. शिवाय एक खरी कायदेशीर खोच आहे, जी मुंबई-पुण्यात विसरून चालत नाही. जोडीदार सिरो-मलबार कुटुंबातला असेल, म्हणजे मूळ केरळचा आणि कल्याणच्या धर्मप्रांतात मोडणारा, तर त्याला पूर्वेकडील (कॅथलिकच, पण वेगळी परंपरा पाळणाऱ्या) चर्चेसचा १९९०चा कायदा लागतो. त्यात बाप्तिस्म्याचा गॉडपेरेंट आणि बाप्तिस्मा घेणारा यांच्यात आध्यात्मिक नातं जडतं, आणि ते लग्नाच्या आड येतं. सूट मिळवली नाही तर लग्नच अवैध ठरतं. लॅटिन चर्चने ही अट १९८३ साली काढली, पूर्वेकडील चर्चेसनी ठेवली. लग्न व्हायचं असेल तर या वाटेला जाऊच नका. (आणि धर्मांतर केवळ चर्चमधल्या लग्नासाठी करत असाल, तर त्याची गरजच नाही; बिशपांच्या परवानगीने तुमचा धर्म न बदलता चर्चमध्ये लग्न लागतं.)

सासरची माणसं हा दुसरा पर्याय. सासूबाईंना सगळं माहीत असतं, त्या हौसेने तयारही होतात. पण एरवीच्या नात्यात जिथे तुम्हाला "नाही" म्हणता येत नाही, तिथे या नात्यातही येणार नाही. नणंद किंवा मेव्हणा त्या मानाने बरा.

जुन्या मित्राचं आकर्षण वेगळं. तो तुम्हाला ओळखतो, तुमची थट्टा करू शकतो, त्याच्याशी मराठीत भांडता येतं. अडचण अंतराची. तो वसईला आणि तुम्ही ठाण्याला असाल तर फार तर त्याच्या पॅरिशचं (स्थानिक चर्चचं) पत्र लागेल. दुबईला असेल तर बाप्तिस्म्याच्या विधीच्या रात्री त्याच्या जागी प्रतिनिधी उभा करता येतो का, हे फादरांना विचारा. पण ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातले रविवार व्हॉट्सअ‍ॅपवर निघत नाहीत.

उरतो तो पॅरिशने नेमून दिलेला अनोळखी माणूस. लोक त्याला शेवटचा पर्याय मानतात, आणि इथेच माझं मत उलट आहे. मुंबईच्या पॅरिशेसमध्ये गल्लीगल्लीचे लहान ख्रिस्ती समूह असतात, ते चालवणारे अ‍ॅनिमेटर असतात. स्पॉन्सर बहुधा अशा वर्तुळातून येतो. बरेचदा ती निवृत्त झालेली एखादी आंटी असते. ती तुमच्या बाकावर येऊन बसते आणि पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवते. गुडघे कधी टेकायचे ते कोपराने सुचवते. कम्युनियनच्या रांगेत तुम्ही अजून जायचं नाही, पण त्यात कमीपणा नाही, हे ती न बोलता सांभाळते. ऑक्टोबरात घरोघरी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) होते तेव्हा हाताला धरून नेते, त्यामुळे बाप्तिस्म्याआधीच पंधरा घरं तुम्हाला नावाने ओळखायला लागतात. जोडीदार आणि मित्र यातलं फारसं काही देऊ शकत नाहीत. एक उणीव आहे: सूर जुळला नाही तर बदलून मागायला संकोच वाटतो. मागावा, फादरांना ते नवीन नसतं.

मित्र की आंटी असा पेच असेल तर दोघांनाही घेता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. विधीत दोन वेगळ्या भूमिका आहेत. सुरुवातीच्या स्वीकाराच्या विधीपासून, म्हणजे चर्च तुम्हाला उमेदवार म्हणून स्वीकारतं तेव्हापासून, सोबत चालतो तो स्पॉन्सर. निवडीच्या विधीपासून, म्हणजे बाप्तिस्म्यासाठी तुमची निवड जाहीर होते तिथून, पुढे उभा राहतो तो गॉडपेरेंट. ईस्टरच्या जागरणाच्या रात्री पास्खा (ईस्टरच्या मोठ्या) मेणबत्तीवरून तुमची मेणबत्ती पेटवून हातात देतो तो हाच, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत कायमचं नाव त्याचंच लागतं. दोन्ही कामं एकाच व्यक्तीने केली तरी चालतात, वेगवेगळ्यांनी केली तरी चालतात. आंटी स्पॉन्सर, वसईचा मित्र गॉडफादर ही जोडी मला सगळ्यात पटते.

नगर-सोलापूरकडच्या प्रोटेस्टंट घरातून येणाऱ्यांचं गणित थोडं निराळं. तुमचा बाप्तिस्मा पुन्हा होत नाही, श्रद्धेची कबुली आणि दृढीकरण होतं, आणि त्याआधी कन्फेशन. तेव्हा खांद्यावर हात ठेवणारा स्पॉन्सर कॅथलिकच लागतो; सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) या प्रोटेस्टंट चर्चमधले काका कितीही भाविक असले तरी नाही. हिंदू घरातून येणाऱ्याला मात्र कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीला प्रोटेस्टंट मैत्रीण बाप्तिस्म्याची साक्षीदार म्हणून घेता येते.

नाव नाताळापर्यंत पक्कं करा. निवडीचा विधी उपवासकाळाच्या पहिल्या रविवारच्या सुमारास, सहसा बिशपांसमोर होतो. तिथे गॉडपेरेंटला तुमच्याबद्दल सगळ्यांदेखत ग्वाही द्यावी लागते, आणि दुसऱ्या पॅरिशचं पत्र मागितल्याबरोबर हातात पडत नाही.